भाऊबंदकी

दोन गावं, मध्ये समुद्राची एक खाच,
आणि खाचेच्या तोंडाशी फ्रादे नावाचा खडक,
पोक काढून बसलेल्या बैराग्यासारखा.
अर्नेलासची माणसं म्हणतात, आमचा.
कोर्वेदोची म्हणतात, आमचा.
गॅलिसियाच्या या किनाऱ्यावर शेताला बांध नसेल एक वेळ,
खडकाला असतो.

त्यावर पेर्सेबे उगवतात. उगवतात म्हणायचं, पण आहेत प्राणी:
म्हाताऱ्याच्या अंगठ्याएवढे, नखासकट,
दगडाला असे धरून की मेले तरी जागा सोडत नाहीत.
नाताळात त्यांना सोन्याचा भाव.
त्यापायी एउदोसियाचा नवरा गेला,
त्यापायी कोर्वेदोच्या आमारोची दोन बोटं.

मी फक्त तुकडा मागितला. मसुराएवढा.
दोन्हीकडच्या सात-सात खडकांवरून.
"काय शोधतेस?"
"कोण कुणाचं, ते."
एउदोसियानं खुरपं मांडीला पुसलं.
"तेवढ्यासाठी शिकलीस?"

प्रयोगशाळा शहरात, तळघरात.
तिथे समुद्राचा वास फक्त माझ्या बुटांना.
छप्पन्न अंशांवर तुकडा रात्रभर विरघळतो,
सकाळी नळीत उरतं काहीच-नाही-सारखं पाणी.
मग यंत्र. तापलं की धागे सुटतात,
निवलं की जुळतात, पुन्हा तापतं.
पस्तीस वेळा.
संसारात एवढा धीर कोणी धरत नाही.

पहिल्या खेपेला घात झाला.
जी नळी मुद्दाम रिकामी ठेवतात, नुसतं पाणी घालून,
तिच्यातच पट्टा उजळला.
अक्षरं वाचून पाहिली: माणूस.
बहुधा मीच.
एखादी शिंक, मनगटावरचा कोंडा.
आठवड्याचं काम ओतून दिलं.
रिकाम्या जागेत आपणच सापडलो
हे लिहायला वहीत रकाना नव्हता.

दुसऱ्यांदा हातमोजे दुहेरी, बोलणं बंद.
अर्नेलासला निळा रंग दिला, कोर्वेदोला केशरी,
आणि दोन पुंजके दिसायची वाट पाहत बसले.
पडद्यावर एकच ढग.
निळ्यात केशरी, केशरीत निळा,
सांडलेल्या डाळ-तांदळासारखा.
निवडायला घ्यावं तर हाती काही लागेना.

अंड्यातून सुटलेलं पोर महिनाभर वाहतं,
डोळ्यांना न दिसणारं, ना गाव ना पत्ता,
आणि मिळेल त्या दगडाला डोकं चिकटवून
उरलेला जन्म काढतं.
फ्रादेवरचे किती तिकडचे, तिकडचे किती इकडचे,
किती तर पार खालून, पोर्तुगालकडून आलेले,
कोणी सांगावं.

कागद घेऊन परत गेले.
एउदोसियानं तो उलटा धरला, मग सुलटा.
"म्हणजे आमची पोरं त्यांनी पळवली."
"तसं नाही हो..."
"कसं ते कळलं मला."

बराच वेळ दोराच्या गाठी चाचपत राहिली.
मग माझ्याकडे न बघता,
"माझ्या आईची आई कोर्वेदोची.
रात्री होडीतून आली. एक गाठोडं, वर जाळं पांघरलेलं.
आमच्यात ते काढत नाहीत.
तुझ्या कागदावर नको घालूस."

अहवालात नाही घातलं.

पलीकडच्या कड्यावरून आमारो
उरल्या बोटांचा हात उंचावून ओरडत होता.
शिवी होती की हाक, वाऱ्यात ओळखू येईना.
एउदोसियानंही हात वर केला, तेवढाच,
मग दोराचं टोक माझ्या कमरेला आवळलं.
"सातवी लाट मोठी असते. मोज," म्हणाली,
आणि बैराग्याच्या पाठीवरून खाली उतरली.

मी पाचपर्यंत आले होते.